झ्लाटा बोएवा, एका मुलाची आई

२८ ऑक्टोबर

ओग्न्यान,

आई जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पुढचं तू वाचशील याची मला खात्री नाही.

शुक्रवारी गावाच्या फेसबुक गटात तू जो फोटो पाहिलास, तो खरा आहे. काळ्या चौकटीचा निधनाचा कागद बस थांब्यावर लागला होता, बेकरीच्या दारावर, शाळेच्या कुंपणावर आणि आपल्या फाटकावरही. त्यावरचं नावही बरोबर आहे. पण ते पत्रक आईचं नव्हतं. पणजीचं होतं. आईला तिच्या आजीचं नाव ठेवलं आणि आईने लग्नानंतर आडनाव बदललं नाही, म्हणून गावात दोन झ्लाटा बोएवा झाल्या. एक सत्तर वर्षांपूर्वी गेली, दुसरी आत्ता स्वयंपाकघरात मिरच्या सोलते आहे.

कसं झालं ते क्रमाने सांगते.

जमीनमोजणीचं काम सोडून मी दीड वर्षापूर्वी गावी आले. आईची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. हे तुला माहीत नसावं. मी आपल्या शाळेत गणित शिकवते. महिन्यापूर्वी साहित्याच्या बाई जर्मनीला गेल्या, तेव्हा मुख्याध्यापिका तोतेवा बाईंनी सातवीचा तो तासही मला दिला. "तुझी पणजी आहे, तुला काय अवघड?" म्हणाल्या.

एक नोव्हेंबरला शाळेचा दिवस असतो. शाळेला जिचं नाव आहे त्या डॉक्टर झ्लाटा बोएवाचं चरित्र दर वर्षी कुणीतरी घडाघडा म्हणतं: जन्म, शिक्षण, हिवतापाची साथ, दलदल, किनीन, मृत्यू. तूही एकदा म्हटलं होतंस. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही त्यानंतर ती बाई कशी होती हे सांगता येत नाही. म्हणून मी मुलांना तिचं आयुष्य कवितेत लिहायला सांगितलं. साचा दिला. नाव, चार विशेषणं, कुणाची मुलगी, कुणाची आई, काय आवडायचं, कशाची भीती, काय दिलं, काय हवं होतं, कुठे राहायची. साचे मला आवडतात. साच्यात चूक लगेच दिसते.

एक नियम घातला. तारखा लिहायच्या नाहीत. तारखा मुलं नेटवरून उतरवतात आणि मग सगळंच उतरवतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जाऊन विचारा, म्हटलं.

मालिना नावाची मुलगी आहे, तेरा वर्षांची. तिने हात वर केला. "बाई, मेलेल्या माणसाची कविता म्हणजे फाटकावर लावतात तशी?"

आपल्याकडे मोठी माणसं कविता वाचतात ती तेवढीच, फोटोखालच्या चार ओळींची. मी म्हणाले, "साधारण तशी."

ती आईला विचारायला घरी आली, तेव्हा तिने आपल्या दिवाणखान्यातला डॉक्टरांचा फोटो मोबाइलवर काढला, वाचनालयातल्या संगणकावर चौकट केली, चार प्रती काढल्या आणि गुरुवारी संध्याकाळी खळीने चिकटवल्या. आपल्या फाटकावर का, तर डॉक्टर याच घरात राहायच्या. फोटो काळपट आला होता. त्या वंशातल्या सगळ्या बायका अशाही सारख्याच दिसतात. खाली बारीक अक्षरात कविता होती, तारीख नव्हती. मी नंतर तिला विचारलं, चौकट कशाला केलीस? "चौकटीशिवाय कोण वाचणार, बाई?"

शुक्रवारी सकाळी शेजारची त्सोना मावशी मयताच्या घरी नेतात ते उकडलेल्या गव्हाचं पातेलं आणि मेणबत्ती घेऊन आली. दार आईनेच उघडलं.

"कोण गेलं गं?" आई म्हणाली.

"तू," त्सोना मावशी म्हणाली आणि पायरीवरच बसली.

"मग गहू आत आण. साखर नीट घातलीस ना? पेन्का गेली तेव्हा फिक्के केले होतेस."

पावणेदहाला तू गटात लिहिलंस: देव तिला क्षमा करो. त्रेसष्ट जणांनी तेच लिहिलं आहे, तसं लिहायची रीत आहे. मी खाली खुलासा टाकला. तोवर तू गट सोडला होतास. माझा नंबर तू बंद केला आहेस. तुझा पत्ता त्सोना मावशीकडून घेतला. तू तिला नाताळात फोन करतोस तो तिकडे परदेशातून, कास्तेयोनहून, आणि तेव्हा नंबर दिसत नाही, एवढंच ती सांगू शकली. पत्ता तुझ्या मुलीच्या बारशाच्या पाकिटावर होता.

आईने तुझं वाक्य पाहिलेलं नाही. तिची तब्येत ठीक आहे. चुकीची माहिती गेली होती, ती दुरुस्त केली. उत्तराची अपेक्षा नाही.

नेवेना


१ नोव्हेंबर

ओग्न्यान,

कुरियरवाल्यांच्या नोंदीप्रमाणे पत्र काल अकरा वाजून वीस मिनिटांनी पोचलं. घेणाऱ्याची सही तुझी आहे. मी ती मोठी करून पाहिली.

मागच्या पत्रात दोन वाक्यं खोटी होती.

आईने तुझं वाक्य पाहिलं. तिने त्रेसष्टही वाचली, चष्मा लावून, पहिल्यापासून. मजेत होती. "हा बघ, यांको! जिवंतपणी बाजारात ओळख दाखवत नाही, आणि इथे रडणारी तीन तोंडं टाकलीत." मग बोट थांबलं. मी मोबाइल घ्यायला गेले तर दिला नाही.

"ओगीला कळलं म्हणजे," ती म्हणाली.

"सगळे तेच लिहितात, आई."

"हो. सगळ्यांसारखं लिहिलंय." थोड्या वेळाने म्हणाली, "विमान कितीला असतं तिथून?"

मी सांगितलं, एक दुपारी आहे, एक संध्याकाळी. ती शनिवारी दिवसभर बाहेरच्या खोलीत बसली. रविवारीही. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पुरतात, तिसऱ्या दिवशी कुणी येत नाही. रविवारी अंधार पडल्यावर ती उठली आणि झोपायला गेली.

दुसरं खोटं तब्येतीचं. शुक्रवारी डायलिसिसची गाडी आली होती. ड्रायव्हर त्सान्कोने फाटकावरचा कागद पाहिला, टोपी काढली आणि गाडी वळवली. हॉर्नही वाजवला नाही. मी तेव्हा शाळेत मालिनाला कागद काढायला लावत होते. सोमवारी तो पुन्हा आला, माफी मागितली, आईच्या हाताची पापी घेतली. आई उठली नाही.

"गेलेल्या बाईला कशाला सुया टोचता?" ती त्याला म्हणाली. "त्या दिवशी तूच बरोबर होतास, त्सान्को. गाव म्हणतं गेली, गाडी म्हणते गेली, पोरगा म्हणतो गेली. मी एकटीच काय वाद घालू?"

त्सान्को हसला. त्याला वाटलं गंमत आहे. मलाही बुधवारपर्यंत तसंच वाटत होतं.

शेवटचं डायलिसिस तेवीस तारखेला झालं. आज नववा दिवस. डॉक्टर घरी येऊन गेले. आईने नकाराच्या कागदावर सही केली, साक्षीदार म्हणून माझी आहे. त्यांच्या अंदाजाने आणखी सहा ते दहा दिवस. मी आईला सरळ विचारलं, काय केलं तर जाशील? ती म्हणाली, "ओगीने विचारलं तर. 'आई, गेलीस का डायलिसिसला,' एवढंच. मी लगेच कोट घालीन." म्हणून हे पत्र. तू यायलाच हवं असं नाही. फोन चालेल. नंबर खाली लिहिला आहे, माझा नाही, घरचा.

आज शाळेचा दिवस झाला. तोतेवा बाई मालिनाला कार्यक्रमातून काढणार होत्या. "नेवेना, मुलांनी चार तारखा लिहिल्या असत्या तर कविता मेली असती का?" आईने निरोप धाडला की ती मुलगी वाचणार नसेल तर मी शाळेसमोर खुर्ची टाकून बसेन. आई स्वतःही आली. पाय सुजले होते, वडिलांच्या सपाता घालून आली, पहिल्या रांगेत बसली. लोक वळून वळून बघत होते.

मालिनाची मूळ कविता देते. कौतुक म्हणून नाही, पुरावा म्हणून.

डॉक्टर झ्लाटा,
हट्टी, उंच, थकलेली, तोंडाने फटकळ,
गाडीवानाची मुलगी,
एका मुलाची आई.
तिला आवडायचं पाय कोरडे असणं आणि दारावरची थाप.
तिला डासांची भीती नव्हती, उशिराची होती.
तिने गावाला दिलं कडू औषध आणि वर शिव्या.
तिला हवं होतं, मुलाने एकदा तरी घरी जेवायला यावं.
राहणार नदीजवळ, हिरव्या फाटकात,
बोएवा.

शाळेत वहीवर मी आठव्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. शेरा: वस्तुस्थितीला धरून नाही. डॉक्टरांचा मुलगा म्हणजे आपले आजोबा. ते जन्मभर याच घरात राहिले, रोज दुपारी बारा वाजता याच टेबलावर जेवले. मी मालिनाला विचारलं, ही ओळ कुठून आणलीस? "झ्लाटा आजींनीच सांगितलं, बाई. मी विचारलं, तुमच्या आजीला काय हवं होतं? तर त्यांनी खूप वेळ मिरच्या ढवळल्या आणि हे सांगितलं."

तरी मी ओळ काढायला सांगितली. वस्तुस्थितीला धरून नव्हती.

मालिनाने व्यासपीठावर दुरुस्त कविता वाचली. ओळ गाळून. टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली, "एक ओळ राहिली गं, मुली."

टाळ्या थांबल्या. मालिनाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीपाशी उभी होते. मला दोन सेकंद मिळाले होते. मी मान हलवली. नाही.

मालिना वाकून नमस्कार करून खाली उतरली.

घरी येताना त्सोना मावशीच्या गाडीत आई एवढंच म्हणाली, "बाई कडक आहेत तुमच्या शाळेतल्या."

त्या कवितेत मी नाही. एका मुलाची आई. पणजीबद्दल ते खरं आहे, म्हणून तिथे मला रेघ मारता आली नाही.

फोन कर.

नेवेना


५ नोव्हेंबर

ओग्न्यान,

दुसरं पत्र काल पोचलं. सही तुझीच.

आई आता जास्त झोपते. उठली की खाज येते म्हणते, तोंडाला लोखंडाची चव आहे म्हणते. काल मासळीचं सूप मागितलं आणि दोन चमच्यांनंतर वाटी सरकवली. माणसं ओळखते. मला एकदा त्सोना म्हणाली, पण ते कदाचित मुद्दाम असेल.

त्सान्को अजून दर पाळीला येतो. यादीतून नाव काढलं आहे, तरी येतो. पाच मिनिटं फाटकापाशी थांबतो. काल आत येऊन म्हणाला, "झ्लाटा ताई, चला ना, नुसतं फिरून येऊ. रस्त्यात सूर्यफुलांची कापणी झालीये, लांबपर्यंत दिसतं."

"माझं ऊन बघून झालं, बाबा. तू जा, पोरं सांभाळ."

आज मी तिच्यापाशी बसून एक गोष्ट कबूल करायची ठरवली होती. जमलं नाही. म्हणून तुला लिहिते. ही गोष्ट तुलाच आधी कळायला हवी होती.

सात वर्षांपूर्वी वडील गेले. तू तिसऱ्या दिवशी पोचलास. माती झाली होती. तू बस थांब्यावर उतरलास आणि समोरच वडिलांचं पत्रक होतं. खाली लिहिलं होतं: शोकाकुल, पत्नी झ्लाटा, मुलगी नेवेना. तू तिथून घरी आला नाहीस. पुढच्या बसने परत गेलास. हे आम्हाला बेकरीवालीने सांगितलं.

तुला वाटतं आईने तुझं नाव गाळलं. ती तशी होतीच, फटकळ, तू उशीर केलास म्हणून चिडलीही होती. पण तिने मला जो कागद दिला होता त्यावर तीन नावं होती. तुझं दुसरं होतं, माझ्या वर. छापखान्यात बाईने विचारलं, "नावं सांग." मी दोन सांगितली.

वडील शेवटचे चार दिवस दाराकडे बघत होते. मी बावीस वर्षांची होते आणि त्यांचं डोकं मी धरलं होतं. तू फोनवर म्हणत होतास, कारखान्यातून सुट्टी मिळत नाही. मला वाटलं, जो नव्हता त्याचं नाव कशाला? ते वस्तुस्थितीला धरून होतं.

आईने भिंतीवरचा कागद बघून विचारलं. मी म्हणाले, छापताना राहिलं. तिने मान डोलावली. तिने तुला का कळवलं नाही, हे मला माहीत नाही. मला वाटतं, तुला कळवलं असतं तर मला खोटं पाडावं लागलं असतं. तिला दोघांपैकी एकाला निवडावं लागलं, आणि जवळ मी होते.

सात वर्षं मी हे दुरुस्त करू शकले असते. एका ओळीचं काम होतं.

तिचा दोष नाही. माझ्याशी बोलू नकोस. मी फोन उचलणार नाही, आईच्या उशाशी ठेवीन. तू एकदा विचार, गेलीस का डायलिसिसला. आज विचारलंस तर डॉक्टर म्हणतात अजून उपयोग आहे. परवा असेल का ते सांगत नाहीत.

नेवेना


९ नोव्हेंबर

दादा,

काल सकाळी आई गेली.

गुरुवारी दुपारपासून श्वास मोठा झाला होता. फोन उशाशीच होता. दोनदा वाजला. एकदा तोतेवा बाईंचा, एकदा चुकीचा. दोन्ही वेळा तिने डोळे उघडले. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, "कोण?"

मी म्हणाले, "चुकीचा नंबर."

ओगी म्हणता आलं असतं. विमानतळावर आहे, येतोय म्हणता आलं असतं. तोंडात शब्द होते, मी ते मोजले देखील, तीन होते. मी चुकीचा नंबर म्हणाले, कारण तो चुकीचा नंबर होता.

तिने डोळे मिटले. "बरं," म्हणाली. त्यानंतर काही बोलली नाही.

पत्रकं मी लावली. लोक थांबून वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे. बेकरीवाली म्हणाली, "पुन्हा शाळेचं का गं?" मी म्हणाले, नाही. तरी दुपारपर्यंत घरी कुणी आलं नाही. कुणाला पुन्हा फसायचं नव्हतं. शेवटी त्सोना मावशी आली, हात रिकामे. तिने आधी आईच्या गालाला हात लावला. मग बाहेर गेली आणि गहू शिजवायला ठेवले.

मालिना शाळेच्या कपड्यांत आली. कोपऱ्यात उभी राहून रडत म्हणाली, "माझ्यामुळे झालं, बाई." मी तिला सांगितलं की तुझी कविता बरोबर होती, शेरा चुकीचा होता. तिला पटलं नाही. तेरा वर्षांची आहे, आणि ती मोठी होऊन या गावातून जाईपर्यंत लोक तिला त्या कागदावरूनच ओळखतील. माझ्या एका नियमामुळे. ती कॉपी करणारी मुलगी नव्हतीच. नियम तिच्यासाठी नव्हता.

आज दोन वाजता पुरलं. वडिलांच्या शेजारी. आम्ही अकरा जण होतो. त्सान्को गाडी घेऊन आला होता.

शाळेत राजीनामा दिला नाही. तोतेवा बाई म्हणाल्या, तुझ्या जागी येणार कोण? ते खरं आहे. सोमवारी सातवीचा साहित्याचा तास आहे. त्यांना काय शिकवावं, हे मला माहीत नाही.

नेवेना


१३ नोव्हेंबर

दादा,

काल संध्याकाळी तू त्सोना मावशीला फोन केलास. मी तिच्याच स्वयंपाकघरात होते, भांडी परत द्यायला आले होते. तिने आवाज मोठा ठेवला होता, तिला कमी ऐकू येतं.

तू म्हणालास, "मावशी, मला खरं सांग. नेवेना पत्रांवर पत्रं पाठवतेय. आधी आई मेली, मग जिवंत, मग मरायला टेकली, आता पुन्हा मेली. मी तिकीट काढून ठेवलं होतं, दोनदा. दोनदा वाटलं मला बोलवायला हे सगळं रचलंय. या वेळी तरी खरं आहे का?"

त्सोना मावशीने फोन माझ्या हातात दिला. मी "दादा" म्हणाले आणि तू ठेवलास.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवते.

हो.

नेवेना